शौचाला रक्त पडतंय. जळगाव, धुळे की सरळ नाशिक? लवकर सांगा

चोपड्याचा_पोरगा
तीन आठवडे झाले. रक्त दिसतं, शौचाला पेन्सिलीसारखं बारीक होतं, कधी चिकट पडतं, पोट गुरगुरतं. इथल्या एका डॉक्टरांनी मूळव्याध सांगून चूर्ण आणि मलम दिलं, काडीचा फरक नाही. नेटवर जे जे वाचतो ते सगळं मला लागू पडतंय. 'ब्लॅक पँथर'मधला हिरो चॅडविक बोसमन किती धडधाकट दिसायचा, 43 व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. 'पाणी जास्त पी' लिहू नका, पितोय. कुठे जाऊ एवढंच सांगा. उद्याची रजा टाकलीय.

सुषमा_धुळे
भाऊ, वय किती ते तरी लिहा. रक्त लालभडक की काळपट? वरून थेंब पडतात की शौचात मिसळलेलं असतं? जाताना दुखतं का? वजन, ताप, रात्री झोपेतून उठून पळावं लागतं का? आणि डॉक्टरांनी तपासून मूळव्याध सांगितली की नुसतं ऐकून?

तापीकाठ
मला अगदी हेच झालं होतं. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल आणि सकाळी दोन पिकलेली केळी, पंधरा दिवसांत मोकळा. आपण केळीच्या जिल्ह्यातले, आपल्याला औषधं कशाला?

यावलकर
केळी पूर्ण पिकलेली हवी. कच्चट खाल्ली तर पोट आणखी गच्च होतं. आणि इसबगोल घेऊन वर भरपूर पाणी नाही प्यायलं तर तो आतच अडकून बसतो. अर्धवट सल्ले देऊ नका.

तापीकाठ
मी पिकलेलीच लिहिलंय. वाचा तरी.

गिरणाकाठचा
नाशिक-बिशिक राहू दे. क्षारसूत्र कर, आयुर्वेदात औषध लावलेला दोरा बांधतात ते. माझ्या मेव्हण्याला दहा वर्षांचा त्रास होता, गेला.

सुषमा_धुळे
क्षारसूत्र मुख्यतः भगंदरासाठी वापरतात आणि ते शिकलेल्या वैद्याच्याच हातून व्हावं. या मुलाला अजून काय झालंय हेच कोणी बघितलेलं नाही. 'बिना ऑपरेशन मूळव्याध गायब' अशी पाटी लावून बसलेल्यांकडून आलेले पेशंट मी सर्जरीच्या ओपीडीत अकरा वर्षं पाहिलेत. जखम सडलेली घेऊन यायचे. पाठवणारा असाच कोणाचा तरी मेव्हणा असायचा.

गिरणाकाठचा
म्हणजे आयुर्वेद सगळा खोटा का? पोराला घाबरवता तुम्ही.

सुषमा_धुळे
मी आयुर्वेदाला नाव ठेवलेलं नाही. न तपासता उपचार करणाऱ्याला ठेवलंय, मग तो ॲलोपॅथीचा का असेना.

विमा_सल्ला
आधी मेडिक्लेम काढून घ्या. पहिले 30 दिवस आजारपण कव्हर होत नाही, म्हणून आजच फॉर्म भरा.

यावलकर
त्याने विमा विचारलाय का? आणि लक्षणं लपवून फॉर्म भरला तर उद्या क्लेम नाकारतील. भलतं शिकवू नका.

चोपड्याचा_पोरगा
ताई, वय 27. रक्त लालभडक, कागदावर आणि वरून दोन-चार थेंब. जाताना काच फिरवल्यासारखं होतं, नंतर तासभर आग. ताप नाही, रात्री उठावं लागत नाही. डॉक्टरांनी तपासलं नाही आणि मलाच लाज वाटली, बरं झालं म्हटलं. वजन 4 किलो उतरलंय, पण भीतीने एक वेळच जेवतोय. मी एमआयडीसीत डाळमिलच्या ऑफिसात आहे. तिथला संडास असा आहे की दिवसभर दाबून ठेवतो, रूमवर येऊन जातो. आता रोज सकाळी फोटो काढून आदल्या दिवसाच्या फोटोशी जुळवतो. गॅलरीत साठ-सत्तर झाले असतील. आणि काका दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनेच गेले. त्यांनाही पहिल्यांदा मूळव्याधच सांगितली होती.

सुषमा_धुळे
हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, बाळा. काका वडिलांचे सख्खे भाऊ का? आजार कळला तेव्हा वय किती होतं? वडिलांचं आज किती?

चोपड्याचा_पोरगा
हो, सख्खे मोठे भाऊ. 51 ला कळलं. पप्पा 53. पण पप्पांना काहीच त्रास नाही, प्रश्न माझा आहे.

सुषमा_धुळे
तुमचं वर्णन गुदद्वाराच्या चिरेचं आहे, फिशर म्हणतात ते. दाबून ठेवलं की शौच कडक होतं, त्याने चीर पडते, दुखतं म्हणून पुन्हा दाबतो. आतला स्नायू आखडला की बारीकही होतं. पण हे मी इथून बसून सांगतेय, बघितल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही. नाशिक कशाला, जळगावात कुठल्याही जनरल सर्जनकडे जा. नुसतं बाजूला करून बघितलं तरी चीर बहुतेकदा दिसते, काम पाच मिनिटांचं. वजनाचं आणि काकांचं त्यांना स्वतःहून सांगा.
आता दुसरं. सख्ख्या भावाला हा आजार झाला की धोका भावाला आणि मुलांना जास्त. पुतण्याला त्यापेक्षा कमी. म्हणजे कॉलोनोस्कोपीबद्दल, शौचाच्या वाटेने दुर्बीण घालून मोठं आतडं बघतात त्याबद्दल, पहिल्यांदा विचारायला हवं ते तुमच्या पप्पांसाठी आणि काकांच्या मुलांसाठी. त्रास नसतानाच करायची असते ती. गाठ लहान असतानाच सापडली तर तिथेच काढून टाकता येते.

रावेरचा_मास्तर
अमेरिकेत तर घरात कोणाला नसलं तरी ही तपासणी 45 पासून सांगतात. 2021 पर्यंत 50 होतं, ते खाली आणलं.

अमळनेर_रात्रपाळी
मित्रा, फोटो आज रात्रीच सगळे उडव. मी दीड वर्ष हेच केलंय. माझी कॉलोनोस्कोपी झाली, काही निघालं नाही, आयबीएस सांगितलं, म्हणजे आतडं नाजूक, पण आत इजा काही नाही. आठ दिवस छान झोपलो. नवव्या दिवशी वाटलं, त्यांना एखादा कोपरा दिसला नसेल. पुन्हा करा म्हणून मागे लागलो. डॉक्टरांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि विचारलं, 'ही नॉर्मल आली तर किती दिवस पुरेल?' मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच मानसोपचाराकडे पाठवलं. बायकोला सांगायला महिना लागला मला. तिथे शिकलो की प्रत्येक वेळी बघितलं, जुळवलं, गुगल केलं की भीतीला खुराक मिळतो. तू तपासून घे, नक्की घे, पण एकदाच आणि नीट. दोन वेळ जेव. चार किलो उतरले ते उपासानेही उतरतात.

वरणबट्टी
आपल्याकडे शेवभाजी आणि ठेचा कमी केला तर अर्ध्या खान्देशाची मूळव्याध जाईल.

गिरणाकाठचा
आमचे आजोबा नव्वदीपर्यंत रोज ठेचा खात होते. टेन्शन नको लेऊ भाऊ, काही व्हत नई.

सुषमा_धुळे
तिखटाने आग वाढते, मान्य. पण 'काही होत नाही' याच वाक्यावर त्याच्या काकांचे किती महिने गेले असतील.

चोपड्याचा_पोरगा
जाऊन आलो. सर्जन वयस्कर होते, कुशीवर झोपवलं, पाच मिनिटं म्हटलं तर तीनच लागली. चीर निघाली, मागच्या बाजूला. मी रडलोच तिथे. मलम दिलंय, शौच मऊ राहायचं औषध, रोज दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. हिमोग्लोबिन 14.2 आलं, शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट यायचाय. तो नीट आला तर मला आत्ता कॉलोनोस्कोपी नको म्हणाले. सहा-आठ आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर करू. फोटो उडवले. डिलीटेडमधून काढायला धीर होत नव्हता, तेही काल काढले.
पप्पांचं विचारलं तर ते म्हणाले, 'त्यांना या महिन्यातच आणा.' घरी फोन केला. पप्पा म्हणतात मला काय धाड भरलीय, बागेतला माल निघाला की बघू. काकाही असंच म्हणायचे. काय सांगू त्यांना? आई ऐकून गप्प झाली.

यावलकर
मालाचं मी बघतो. चोपड्याच्या बाजूला माझे मामा आहेत, दोन दिवस बागेवर माणूस उभा करू. नंबर इथे टाकू नकोस, निरोपात पाठव.

अमळनेर_रात्रपाळी
वडिलांना भीती घालू नकोस. 'मला एकट्याला जायची भीती वाटते, रिपोर्ट घ्यायला सोबत चला' असं म्हण. खोटं नाहीच ते.

चोपड्याचा_पोरगा
आले. माझ्या रिपोर्टमध्ये काही नाही. पप्पा शेजारी बसले होते, डॉक्टरांनी काकांचं नाव काढलं तसं टोपी काढून हातात धरली त्यांनी. पप्पांच्या कॉलोनोस्कोपीला गुरुवारची तारीख दिली. दोन लिटर पाण्यात पावडर प्यायची आहे. खाण्यापिण्याचं काय सांभाळू? रविवारी शेतात भरीत पार्टी आहे.

सुषमा_धुळे
भरीत नको, वांग्याच्या बिया आत चिकटून राहतात आणि नीट दिसत नाही. कळण्याची भाकरी, पेरू, डाळिंब, तीळही बंद. मऊ भात, धुतलेल्या मुगाच्या डाळीचं पातळ वरण चालेल. आदल्या दिवशी पाण्यासारखंच, लाल रंगाचं सरबत नको. बीपी, शुगर, रक्त पातळ व्हायची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. पावडरचं पाणी गार करून द्या, घोट सोपा जातो. येताना गाडी त्यांना चालवू देऊ नका, गुंगी असते.

चोपड्याचा_पोरगा
बीपीची आहे. आत्ताच फोन लावतो.