प्रति: मेळावे की मदत?

माजी सैनिकांच्या मेळाव्यांत नुसते हार-तुरे आणि फोटो होतात, तो पैसा कल्याण निधीत टाका, असं या चर्चेत कुणी म्हटलंय. अर्धंच पटलं. अडलेली कामं कळतात ती तिथेच. आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीच्या मेळाव्यात (भाषणं लांबतात, ते सोडा) एक निवृत्त क्लार्क साहेब कोपऱ्यात पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) तपासत बसतात. एका हवालदाराच्या पीपीओत बायकोचं माहेरचं नाव निघालं, आधारवर सासरचं. माणूस हयात असताना सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज गेला तर दुरुस्ती त्यामानाने सोपी. तो वारल्यावर वहिनींना प्रतिज्ञापत्रं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि कुटुंब निवृत्तिवेतन तोवर अडकून पडतं. 'स्पर्श' या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीसाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखलाही पोरं तिथेच मोबाइलवरून काढून देतात.