ठिपकीची टाळी

ए-४०२: काकू, तुमची मांजर ठिपकी आज जिन्यात माझ्यासमोर बूड टेकून बसली आणि उजवा पंजा वर केला. मी दोन मिनिटं तसाच उभा. हे कधी शिकवलंत?

बी-२०४ काकू: गड्ड्याच्या जत्रेआधीपासून चाललंय. टाळी दिली नाही ना तुम्ही? मग रुसली असणार.

सी-१०१ अप्पा: चाळीस वर्षं लूमवर काढली, किती पोरांना गाठ मारायला शिकवली. पण मांजर काय शिकतंय ओ!

बी-२०४ काकू: शिकतंय की अप्पा. फक्त भुकेच्या वेळी धरायचं आणि दोन-तीन मिनिटांत सोडायचं. शेपूट आपटायला लागली की शाळा सुटली.

डी-३०३: काकू, आमच्या मानसशास्त्राच्या पेपरला हेच आहे. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने १८९८ साली भुकेली मांजरं खोक्यात ठेवून बघितली. दोरी ओढली की दार उघडणार, बाहेर खाऊ. पहिल्यांदा नुसती बोचकाराबोचकारी, चुकून दोरी ओढली जायची. नंतर प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला. काही मांजरांना तर नुसतं अंग चाटलं की तो दार उघडून द्यायचा. तीपण शिकली.

बी-२०४ काकू: आमच्याकडे ते खोकं म्हणजे फ्रिज 😄

सी-२०२: काकू, नीट सांगा ना. आमचा बोका नुसता बघत बसतो.

बी-२०४ काकू: सांगते, टाइप करायला वेळ लागेल.
आधी बटणाचं पेन घ्या. टिक केलं की लगेच खाऊचा कण, टिक केलं की कण. दहा-बारा वेळा. टिक म्हणजे खाऊ एवढंच त्याच्या डोक्यात बसू दे. मग कण बोटांत धरून नाकासमोर आणायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नजर वर गेली की बूड आपोआप खाली येतं. टेकलं रे टेकलं की टिक. मी पहिले चार दिवस हात फार उंच धरत होते, तर ही दोन पायांवर उभी राहायची आणि माझं बोट ओढायची. नाकापासून दोन बोटं वर, बास. पाठ दाबून बसवायचं नाही, त्याने ती फक्त आपल्या हाताला भ्यायला शिकते.
टाळीसाठी कण मुठीत लपवला. आधी हुंगलं, मग चाटलं, शेवटी पंजा मारला. पंजा लागला त्या क्षणी टिक. क्षण चुकला की सगळं मुसळ केरात. तोवर ती खाजवत असेल तर तिला वाटणार, खाजवल्याचे पैसे मिळाले.

सी-१०१ अप्पा: हे मात्र बरोबर बोललात. धागा तुटला की तिथल्या तिथं दाखवायचं. जेवणाच्या सुट्टीत सांगून काय उपयोग.

सेक्रेटरी: उद्या सकाळी पाणी येणार आहे. टाकी भरेपर्यंत कुणी गाड्या धुऊ नका. बाकी चालू द्या.

सी-२०२: खाऊ कोणता? दूध चालेल?

बी-२०४ काकू: दूध नको, मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा पचत नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हरभऱ्याएवढा तुकडा. आमचं शाकाहारी घर, म्हणून चिकन ए-४०२ कडून येतं. रविवारी डबी वरून खाली, सोमवारी घासून वर. पण रश्श्यातला तुकडा अजिबात देऊ नका. कांदा-लसूण मांजराला विष. शेंगाचटणीचा डबासुद्धा झाकून ठेवते मी.

ए-४०२: डबी अजून आली नाही काकू.

बी-२०४ काकू: पाठवते हो.
आणि खरं सांगू, मला टाळीची हौस नव्हती. मला पिंजऱ्याचं शिकवायचं होतं. मागच्या पावसाळ्यात लसीला नेताना हिला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षात बसलो. सात रस्ता चौकात मागून कुणीतरी हॉर्न दाबला. ही टॉवेलातून सुटून ह्यांच्या हातावरून थेट सीटखाली. हात कोपरापर्यंत ओरबाडला. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरला, मग ह्यांनाच सुया. लस घ्यायची मांजराने, घेतली नवऱ्याने.
म्हणून पिंजऱ्याचं दार काढून तो हॉलमध्येच ठेवून दिला. आत जुनी चादर फाडून तुकडा घातला, तिच्याच झोपायचा, तिच्या वासाचा. ताटली आधी पिंजऱ्याशेजारी, मग उंबऱ्यावर, मग आत. तीन आठवडे दार लावलंच नाही. नंतर लावलं ते एक श्वास घेईपर्यंत, लगेच उघडून खाऊ. गेल्या महिन्यात दवाखान्यात जाताना स्वतः आत जाऊन बसली. ह्यांनी लांबूनच बघितलं.

डी-३०३: काकू, आता ४२ डिग्रीत पण शाळा भरते का?

बी-२०४ काकू: छे! दुपारी ही शहाबादी फरशीवर चार पाय पसरून पडते, नावाने हाक मारली तर फक्त कान फिरतो. पहाटे आणि दिवेलागणीला. तसंही मांजराची जात तेव्हाच हिंडणारी.

सी-१०१ अप्पा: काकू, तुमची विद्यार्थिनी माझ्या दारात येऊन बसली आहे. मारी बिस्किट दिलं.

बी-२०४ काकू: अहो अप्पा, नका देऊ. मांजराला गोड कळतच नाही.

सी-१०१ अप्पा: खरंच की. हुंगून तसंच ठेवलं. पण जात नाही. मी आपलं शब्दकोडं सोडवतोय आणि ही एकटक माझ्या हाताकडे बघतेय.

डी-३०३: अप्पा, पेन कोणतं आहे तुमचं?

सी-१०१ अप्पा: बटणाचं. विचार करताना टिकटिक करायची सवय आहे मला.

सी-१०१ अप्पा: काकू, आता पंजा वर केला. चिकन घेऊन या लवकर.