वेगवान गाडी निवडताना, घेताना काय काय झालं? रस्त्यावरचे, ट्रॅकवरचे अनुभव सांगा

संत्राबाग_मोर्शी

परवा दुपारी बागेत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू होती. बाग रोडला लागून. मी क्रेट मोजत उभा, आणि तेवढ्यात रोडवरून एक गाडी गेली. सहा सिलिंडर, सरळ रांगेतलं इंजिन. वळणाआधी गिअर खाली घेतला तेव्हा जो आवाज झाला तो अंगात उतरला. मोजणी चुकली, पुन्हा पहिल्या क्रेटपासून सुरू केली, पण डोळ्यांसमोर बाबाच.

२०१६ ची गोष्ट. मला अशी एक गाडी पाहिजे होती जी चेन्नईच्या ट्रॅकवर पळेल आणि सोमवारी वावरातही येईल. तेवढ्या पैशात गावात सगळे एसयूव्ही घ्या म्हणत होते. नागपूरला एक सेकंडहँड सेडान पाहिली. काळीभोर, चकचकीत, इंजिनचा कॉम्प्युटर बदलून ताकद वाढवलेली. चालवली आणि मी तर खलासच. टोकन द्यायला खिशात हात घातला होता.

बाबा सोबत होते. तरुणपणी त्यांनी पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी ठेवली होती, गाडीतलं मात्र त्यांना काही कळत नसे. त्यांनी बोनेट उघडायला सांगितलं नाही. पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले, अलॉयच्या फटीतून दोन बोटं आत घातली आणि ब्रेकच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं. मला म्हणाले, "इथी बोट लाव." लावलं. कडेला चांगली धार उभी राहिली होती, मधली डिस्क झिजून खोल गेलेली. मग चारही टायर पाहिले. तीन कंपन्यांचे. उठून धोतर झटकलं आणि म्हणाले, "धावते कशी थे सारेच सांगून राह्यले. थांबते कशी थे कोनीच नाई सांगत."

टोकन खिशातच राहिलं. परत येताना कोंढाळीपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

मग आठ महिन्यांनी अकोल्याच्या एका प्राध्यापकांकडून पोलो जीटी टीएसआय घेतली. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस (अश्वशक्ती), सात गिअरची ऑटोमॅटिक डीएसजी. त्या सेडानपेक्षा ताकद कितीतरी कमी. पण सर्व्हिसची एकूण एक पावती फायलीत, चारही टायर एकाच आठवड्यातले, आणि डिस्कवर नख फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं. बाबांनीच "घे" म्हटलं.

पहिल्यांदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली. ३.७ किलोमीटरचा फेरा. चौथ्या फेरीत ब्रेकचं पेडल लोण्यासारखं खाली गेलं. चूक माझी. ब्रेक ऑइल जुनं होतं. हे ऑइल हवेतली ओल पितं. नवीन डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ३.७ टक्के पाणी शिरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ट्रॅकवर तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळतं, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पाय खाली जातो. रेतीत गेलो नाही, वाचलो. संध्याकाळी बाबांचा फोन. किती जोरात पळाली ते विचारलंच नाही. "थांबली का?" एवढंच.

बाबा गेल्या पोळ्याच्या आधी गेले. गाडी अजून आहे.

तुमचं सांगा. कोणती पाहिली, कोणती सोडली, कशावरून ठरवली.

पांढरकवडा_२९

भाऊ डोळे भरून आले. बुढ्यानं लाखाची गोष्ट सांगतली. १०० च्या ठिकाणी १४० नं चाललं त वेग दीडपटही नाई होत पण थांबवाची ताकद जवळपास दुप्पट लागते. वेगाचा वर्ग होते न. हे मले इंजिनिअरिंगले शिकवलं होतं पन समजलं वणीच्या रोडवर, नीलगाय आडवी आली तवा. वाचली थे बी अन् मी बी.

कापूस वेचाले बाया येऊन राह्यल्या, सविस्तर रातच्याले लिहितो

आर्वीची_लेक

माझी व्हर्टस जीटी, १.५ लिटर, मॅन्युअल. १५० पीएस. मी मॅन्युअलच घेणार यावर अडून बसले होते.

त्याआधी एका दुसऱ्या शोरूममध्ये गेलो तर सेल्समन दीड तास माझ्या धाकट्या भावाशी बोलत होता. भावाला गाडी चालवताच येत नाही. तो शेवटी म्हणाला, "ताईला सांगा, पैसे तिचे आहेत." आम्ही उठून आलो.

एक गोष्ट सगळ्यांना सांगते. ट्रॅकवर न्यायची असेल तर गाडी पाहायला जाताना हेल्मेट घेऊन जा. सनरूफच्या पट्टीमुळे छत खाली येतं. मी उंच आहे, एका गाडीत हेल्मेट घालून बसले तर डोकं छताला टेकलं, मान वाकडी. अशी वीस मिनिटं कोण चालवेल? तिथंच ती बाद झाली. सीट सगळ्यात खाली करायची, पाठ टेकवायची, मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवून पाहायचं, खांदा सीटपासून सुटायला नको. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. एवढं बसलं की मग बाकीचे आकडे.

दादा, तुमच्या बाबांबद्दल वाचून माझे बाबा आठवले. जिनिंगवर असायचे.

वरुडकर

तोड कोणत्या भावानं दिली मोर्शीवाले? आमच्याइकडे व्यापारी अजून टनाचं नक्की सांगत नाही

संत्राबाग_मोर्शी

@वरुडकर, फोन करतो संध्याकाळी. इथं भाव नको.

@आर्वीची_लेक, हेल्मेटचं मला सुचलंही नव्हतं ताई. खरंच मोठी गोष्ट सांगितली.

समृद्धीकाठ

आमचं गाव समृद्धीला लागून आहे, रोज पाहतो म्हणून लिहितो.

७०१ किलोमीटर काँक्रीट, सरळ. मर्यादा १२०. लोकांना वाटतं ट्रॅकच आहे. नाही. ट्रॅकवर दर वळणाला माणूस झेंडे घेऊन उभा असतो, बाहेरच्या बाजूला रेती असते, टायरच्या भिंती असतात, ॲम्ब्युलन्स चालू असते. इथं रात्री पंक्चर ट्रक बाजूला उभा असतो.

माझा मित्र मे महिन्यात टायर फुटून गेला. गाडी महागाची होती, टायर मागच्या मालकाच्या वेळचे, नक्षी दिसायला भरपूर. वय कोणी पाहिलं नाही. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड वेगवान गाडी अनेकदा उभीच असते, त्यामुळं नक्षी राहते आणि रबर कडक होतं. टायरच्या मापाच्या शेवटी असलेलं अक्षरही पाहा, ते ताशी किती किलोमीटरपर्यंत टायर चालतो ते सांगतं: एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. पैसे वाचवायला कमी अक्षराचे टाकून विकायला काढलेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

इथंच थांबतो.

पांढरकवडा_२९

🙏 मित्राले श्रद्धांजली भाऊ. हे चार आकडे मी आत्ताच अंगणात जाऊन पाह्यले. स्कूटीचे २०१७ चे निंगाले. उद्याच बदलतो, पोरगी शाळेत घेऊन जाते थे

दिग्रस_ते_नागपूर

माझं स्वप्न होतं इंजिन मधोमध असलेली गाडी. कोरोनानंतर धंद्याची घडी बसली आणि पोर्शची ७१८ केमन घेतली, वापरलेली. ३०० पीएस, दोन सीट.

घेण्याआधी सहा महिने मी रस्ता मोजला. अक्षरशः. हायवेपासून आमच्या वाड्यापर्यंत चार किलोमीटर, त्यात सात गतिरोधक. गवंड्याची फळी आणि टेप घेऊन पहाटे एकेकाची उंची आणि रुंदी वहीत लिहिली. दोन असे की कोणत्याही बाजूनं, तिरपी घालूनही, पोट टेकणारच. म्हणून ती नागपूरलाच राहते, गावी मी जुन्या जीपनं येतो. हे आधी स्वतःशी कबूल केलं आणि मगच पैसे भरले, त्यामुळं एक दिवसही पस्तावलो नाही.

आजीला तरी दाखवायची होती. तिला नागपूरला आणली. पार्किंगमध्ये गाडीभोवती दोनदा फिरली. "इतली खाली काहून बनवली रे? अन् इंजिन कुठी हाय?" मागं आहे म्हटलं तर म्हणे, "मंग जू मानेवर नाई पडत, बरं हाय." मी तिला उचलून सीटवर बसवलं. फुटाळ्याला एक चक्कर मारली, हळूच. उतरायलाही उचलूनच काढलं, तर माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "पुन्हा नेशीन."

ट्रॅकचं: वजन मध्ये असल्यानं नाक चटकन वळतं. पण भर वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट फिरायला निघते. मी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर हे शिकलो, प्रशिक्षक बाजूला बसवून. ५.१२५ किलोमीटरचा फेरा आहे तो, २०११ ते २०१३ तिथं फॉर्म्युला वन झाली. प्रशिक्षकाचे पैसे वाचवू नका.

पटाचा_शौकीन

आजीनं बरोबर सांगतलं!! जू मानेवर दाबलं की जोडी पळत नाई. मोर्शीवाले भाऊ तुमचे बाबा कोणत्या पटावर जात? तळेगाव दशासरले जात असन त माझ्या आबानं पाह्यले असन. २०१४ ले बंदी आली तवा आबानं जोडी विकली नाई, नुसती चारली. मे २०२३ ले सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा कायम ठेवला त्या दिवशी बैलाइले पुरणपोळी चारली आमच्या घरी. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं पहिलं काम जोडी आवराचंच असते, पयवणं मंगचं.

संत्राबाग_मोर्शी

तळेगावलाच जायचे भाऊ! सोबत पांढरा गोऱ्हा असे, एका शिंगाला तांबड्या लोकरीचा गोंडा. आबांना विचारून सांगा, मी वाट पाहतो.

घाटबोरी_बुलडाणा

माझं बजेट कमी. जुनी पॅलिओ १.६ घेतली होती, गॅस केलेली नव्हती हे पाहून. तिनं स्टीअरिंग काय असतं ते शिकवलं. मेहकरकडचा तो वळणांचा तुकडा अजून हातात आहे.

महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमची नेहमीची पॉलिसी शर्यत आणि वेगचाचणीला लागू नसते. अटींच्या पानावर लिहिलेलं असतं, एजंट सांगत नाही. ट्रॅकवर गाडी ठोकली तर ती तुमच्या खिशातून. म्हणून जेवढी गाडी गमावली तरी घर चालेल तेवढीच ट्रॅकवर न्या. आणि कॉम्प्युटर बदलून ताकद वाढवली असेल तर ते विमा कंपनीला कळवलेलं आहे का, हे सेकंडहँड घेताना विचाराच.

नाव बदलून घेताना फॉर्म २९, ३०. कर्जाची असेल तर ३५ बँकेकडून. दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी. दिल्लीची स्वस्त पडते म्हणून आणता आणि मग वर्षभर आरटीओत फिरता. मी फिरलो.

आर्वीची_लेक

@घाटबोरी_बुलडाणा, गॅसचं का पाहिलं?

घाटबोरी_बुलडाणा

ताई गॅसची टाकी डिक्कीत, मागचा वजनाचा हिशेब बिघडतो. आणि त्या गाड्या बहुतेक टॅक्सीसारख्या वापरलेल्या असतात.

नवीन_वाशीम

वय २४. बीएमडब्ल्यूच्या एम३४०आय चं स्वप्न आहे. २०२१ ला आली तेव्हापासून फोटो लावला आहे कपाटावर. तेव्हा ३८७ पीएस होती, आणि चेन्नईतच जुळते म्हणून बाहेरून येणाऱ्यांपेक्षा आवाक्यात असं वाचलं. सध्या स्विफ्ट आहे घरची. ट्रॅकवर एका दिवसाचा खर्च किती येतो? सुरुवात कुठून करू?

संत्राबाग_मोर्शी

वाशीमकर, स्विफ्टनंच सुरू कर. फी दर वेळी वेगळी असते, आयोजकाला विचार. खरा खर्च फीच्या बाहेर आहे. नवीन ब्रेक ऑइल, पॅडचा एक जादा सेट, हेल्मेट, पेट्रोल, दोन रात्री. आणि इथून चेन्नई हजार-बाराशे किलोमीटर, त्याच गाडीनं, त्याच टायरवर परत यायचं आहे हे सकाळपासून डोक्यात ठेवायचं. मी दुपारी चारनंतर चालवत नाही, ट्रॅक मोकळा असला तरी.

हवा थंड टायरमध्ये भरून तशीच सोडू नको. माझ्या गाडीत सकाळी ३२ ठेवली तर चार-पाच फेऱ्यांनी ३८ च्या वर जाते आणि गाडी घसरायला लागते. गेज स्वतःचं ठेव, बाहेर आलास की लगेच पाहा, वहीत लिही. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मार, डिस्क गार होऊ दे. आत आल्यावर हँडब्रेक लावायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लाव.

इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा चाचणी-ट्रॅक आहे, आपल्याला जवळ. पण तो सुसाट वेगाचा. शिकायला वळणं पाहिजेत. कोईम्बतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, हळू गाडीलाही तिथं काम पुरतं.

नवीन_वाशीम

दगडाचं लिहून घेतलं. धन्यवाद दादा 🙏

वरुडकर

फोन लागत नाही तुमचा. आणि मे महिन्यात आपल्याकडं टर्बो गाडी दुपारी मरगळल्यासारखी होते त्याला काय करावं? माझी डिझेल आहे पण तेच

दिग्रस_ते_नागपूर

@वरुडकर, ४५ अंशाची हवाच पातळ असते, आणि टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर त्या हवेनं किती गार होणार? गाडीचा दोष नाही. मी मेमध्ये पहाटे पाचला काढतो, साडेसातला शेडमध्ये. पुढची जाळी मात्र धुवून घ्या, कापसाची रुई आणि किडे अडकून बसतात. पाणी जोरात मारू नका, पात्या वाकतात.

पटाचा_शौकीन

आबाले विचारलं. पांढरा गोऱ्हा, तांबडा गोंडा म्हटल्याबरोबर उठून बसले. म्हने त्याच्या मालकानं एकदा पटावर जोडी मधातच थांबवली होती, लेकरू आडवं आलतं म्हनून. बक्षीस गेलं पन सारा पट उभा राह्यला होता.

संत्राबाग_मोर्शी

भाऊ, हे मला घरात कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांनीसुद्धा नाही. आईला आत्ता वाचून दाखवलं, ती म्हणाली लेकरू तिच्या माहेरचं होतं. आबांना भेटायला येतो, पुढच्या आठवड्यात नक्की.

आर्वीची_लेक

दादा, जानेवारीत मी कोईम्बतूरला चाललेय. ब्रेक ऑइल बदलायचं आहे, इथल्या मेकॅनिकला नवीन डॉट ४ आण म्हटलं तर उघडी बाटली घेऊन आला. तुम्ही स्वतः बदलता का?

संत्राबाग_मोर्शी

स्वतःच बदलतो ताई. सीलबंद बाटल्या आहेत माझ्याकडं. काम अवघड नाही, पण दोन माणसं लागतात, एक चाकाशी निपल सोडायला आणि एक पेडलवर. पेडलवर बाबा बसायचे. मी "दाबा" म्हटलं की दाबायचे आणि "सोडा" म्हणेपर्यंत पाय हलवायचे नाहीत. यंदा माझ्याही गाडीचं राहिलंच आहे.

आर्वीची_लेक

रविवारी येते. आधी तुमच्या गाडीचं करू, पेडलवर मी बसते.

संत्राबाग_मोर्शी

ये. आष्टीकडून ये, सकाळी लवकर. जेवायलाच थांब, आई पाटोडीचा रस्सा करते म्हणाली.