विषय: माईंची कॅसेट – रविवारच्या सभेआधी कुणाकडे चालू प्लेअर आहे का??

प्रेषक: सचिव

मंडळी, रविवारी दुपारी ४ ची माईंची शोकसभा नक्की, हॉल नेहमीचाच. आता अर्जंट काम. माईंचे फोटो ढिगानं आलेत (निम्म्या फोटोंत माई कुणाच्या तरी मागे उभ्या किंवा खुर्च्या उचलताना, ते असो) पण त्यांचा आवाज कुठेच सापडत नाहीये. व्हिडिओ आहेत त्यात भाषणं सगळी अध्यक्षांची. काल स्टोरेजमधल्या खोक्यात एक कॅसेट मिळाली, सी-९० (म्हणजे ९० मिनिटांची), वर माईंच्याच अक्षरात 'तालीम + प्रयोग' लिहिलंय. कॅसेट प्लेअर कुणाकडे आहे का? चालू हवा. मागच्या वेळेसारखं 'असेल बहुतेक माळ्यावर' नको. उद्या रात्रीपर्यंत कळवा. आणि थोरलीला विनंती, माईंची फोनची वही आणशील का, टेबलावर फोटोशेजारी उघडून ठेवू.

प्रेषक: साउंडवाला

थांबा थांबा. कृपा करून ती कॅसेट कुणीही कशातही घालू नका!! सी-९० ची टेप पातळ असते, साधारण १२ मायक्रॉन, सी-६० ची १८ च्या आसपास. इतकी वर्षं पडून असली की वेटोळी एकमेकांना चिकटलेली असू शकतात, आणि तुमच्या माळ्यावरच्या प्लेअरचा रबरी बेल्ट आतापावेतो वितळून डांबर झालेला असणार. प्ले दाबलं की टेप आत गुंडाळली गेलीच समजा. आधी मला बघू द्या, मधल्या पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का. तो बऱ्याचदा गळून पडतो, मग आवाज येतो पण गादीखालून आल्यासारखा. तुटलीच तर सेलोटेप लावायची नाही, त्याचा गोंद पसरतो. आणि वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे टॅब तोडलेत का ते आत्ता बघून सांगा. नसतील तर चुकून रेकॉर्ड दाबलं की संपलं.

आणखी एक, सगळ्यांना वाटतं पेन ड्राइव्हवर कॉपी केल्यासारखं पाच मिनिटांत होईल. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, शेजारी बसून. शनिवारी सकाळचा वेळ आहे माझ्याकडे.

प्रेषक: ग्रंथालय

खोकं ग्रंथालयाचं आहे. स्टोरेजची किल्ली माझ्याकडे असते, मग काल ते कुणी उघडलं, हे मला कळेल का? मागे अशाच 'अर्जंट' कामाला संहितांचा गठ्ठा गेला तो अजून यायचाय. माईंचंच काम आहे म्हणून गप्प बसते. तरी रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय कॅसेट बाहेर जाणार नाही, माईंनीच घालून दिलेला नियम आहे हा. त्या ग्रंथालय बघायच्या तेव्हा पुस्तक राहिलं की फोन करायच्या, पण 'परत द्या' कधी म्हणायच्या नाहीत, 'शेवट आवडला का' असं विचारायच्या. माणूस ओशाळून दुसऱ्या दिवशी हजर.

टॅब बघितले. एक तोडलेला आहे, एक शाबूत.

प्रेषक: माजी अध्यक्ष

कॅसेट वगैरे ठीक आहे, पण पत्रिकेचा मसुदा पाहिला, त्यात माईंच्या नावाखाली 'संस्थापक सदस्य' छापलंय. माईंबद्दल माझ्या मनात काय आहे ते सर्वांना माहीत आहे, तरी नोंद अचूक हवी. घटनेच्या पहिल्या पानावर सात सह्या आहेत, त्यात माईंची नाही. त्या कुठल्याच कार्यकारिणीत नव्हत्या. 'ज्येष्ठ कार्यकर्त्या' म्हणावं. माझ्या भाषणाला १० मिनिटं धरावीत.

प्रेषक: खजिनदार

त्या सात सह्या माईंच्या जेवणाच्या टेबलावर झाल्या, मी होतो तिथे. माईंची सही नाही कारण आपल्या सगळ्यांची पोरं घेऊन त्या वरच्या खोलीत बसल्या होत्या. खाली आल्या तेव्हा कागद पाकिटात गेला होता आणि तो परत बाहेर काढावा असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

नव्या लोकांसाठी सांगतो, ईमेल नव्हतं तेव्हा आपली फोनसाखळी होती. एकानं पाच जणांना करायचा, त्या पाचांनी प्रत्येकी पाच, की तीन फेऱ्यांत दीडशेच्या वर घरं. कागदावर झकास, प्रत्यक्षात एक जण बाहेर गेला की त्याच्या खालची सगळी ओळ कोरडी. सगळ्यांना साखळीच्या वरच्या टोकाला नाव हवं असायचं. माईंनी पाचही साखळ्यांत शेवटचा नंबर मागून घेतला. रात्री ९ पर्यंत पाच फोन आले नाहीत की त्या उलट्या दिशेनं फोन करत निघायच्या, कडी कुठे तुटली ते सापडेपर्यंत. एकदा कार्यक्रम रद्द झाल्याचं आमच्या घरी असंच रात्री ११ ला कळलं. हे कुठल्या पदाखाली छापायचं तेवढं सांगा.

प्रेषक: माजी अध्यक्ष

मी फक्त नोंदीबद्दल बोललो. ८ मिनिटं चालतील.

प्रेषक: नाट्यविभाग

अहो त्या कॅसेटवर काय आहे ते मला विचारा ना कुणीतरी, मी होते त्या प्रयोगात!! टेपरेकॉर्डर स्टेजच्या पुढे ठेवायचा ठरलेला, पण वायर पुरेना म्हणून कुणीतरी विंगेत माईंच्या खुर्चीजवळ ठेवला, आणि माई प्रॉम्प्टर. त्यामुळे आमचे डायलॉग लांबून विहिरीतून आल्यासारखे आणि माईंचं प्रॉम्प्टिंग एकदम स्वच्छ. रेकॉर्डिंग फुकट गेलं म्हणून आम्ही तेव्हा वैतागलो होतो, चक्क माईंवरच चिडलो होतो. त्या म्हणाल्या होत्या, बरं, ठेवून देते.

त्यांची पद्धत सांगते. कुजबुजायच्या नाहीत कधी, कुजबुजलं की 'स' आणि 'श' थेट चौथ्या रांगेत ऐकू जातात. खालच्या पट्टीत, साध्या आवाजात, वाक्याचे पहिले दोनच शब्द. आणि संहितेकडे बघायच्या नाहीत, आमच्या खांद्यांकडे बघायच्या. म्हणायच्या, पॉझ घेतलेला माणूस श्वास सोडतो, विसरलेला माणूस धरून ठेवतो.

प्रेषक: एक सभासद

कुठलं नाटक हे? मी पोलीस होतो त्यात का?

प्रेषक: नाट्यविभाग

तू पोलीस होतास ते त्याच्या पुढच्या वर्षीचं. आणि तुला एकच वाक्य होतं, तेही माईंनी दोनदा दिलं.

प्रेषक: थोरली

सगळ्यांना नमस्कार. मेल वाचत होते, उत्तर द्यायला उशीर झाला, घरात आवराआवर चाललीये.

आईच्या नावाखाली काहीच छापू नका प्लीज. नाव आणि दोन वर्षं पुरे. ९१ वर्षांत तिनं स्वतःबद्दल कधी कागदावर लिहिलेलं मला सापडलं नाही, आम्ही कपाटं उपसलीत.

वही आणते पण उघडी ठेवणार नाही. तुम्हाला वाटतं त्यात नुसते नंबर आहेत. नावं पेनानं आणि नंबर पेन्सिलीनं, लोक घरं बदलतात म्हणून, एवढं मलाही माहीत होतं. पण प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी आहे. 'गुडघा, विचारणे.' 'मुलाचा विषय नको.' 'मांजर गेलं.' 'नोकरीचं अजून घरी सांगितलेलं नाही.' रविवारी टेबलापाशी जे जे उभे राहतील त्यातले निम्मे त्या वहीत आहेत. मी माझं पान बघितलं. ते मी इथे लिहीत नाही.

कॅसेट मात्र जरूर लावा. शेवटची दोन वर्षं तिला फोनवर ऐकू यायचं नाही, तर ती एकटीच बोलायची आणि 'बरं, कळलं' म्हणून ठेवून द्यायची. तो आवाज आमच्याकडे आहे. तुमच्याकडचा आम्ही कुणीच ऐकलेला नाही, आम्ही तेव्हा प्रेक्षकांत होतो.

प्रेषक: साउंडवाला

झालं. शनिवारी १० ते पावणेबारा, ग्रंथालयबाई पूर्ण वेळ माझ्या डोक्यावर उभ्या होत्या. फेल्ट जागेवर होता. टेप अडकली नाही. तालमीची बाजू जवळजवळ पुसट, प्रयोगाची उत्तम, टॅब त्याच बाजूचा तोडलेला होता.

तेवढी क्लिप काढलीये, ३१ व्या मिनिटापासून ४० सेकंद. स्टेजवर शांतता. माई म्हणतात, 'पत्र कुणी'. शांतता. परत, 'पत्र कुणी उघडलं'. शांतता. मग पूर्ण आवाजात, 'अगं, पत्र कुणी उघडलं!' आणि सगळा हॉल हसतो, आणि टेपच्या अगदी जवळ माई हसतात, तोंडावर हात ठेवल्यासारखं. ते शेवटचं हसू ठेवू का कापू? सभा आहे म्हणून विचारतोय.

प्रेषक: ग्रंथालय

ठेवा. कॅसेट सोमवारी परत, रजिस्टरमध्ये तुमची सही आहे.