मराठी मजकुरातील दुव्यांना चिकटलेले ‘वर’, ‘ला’, ‘वरून’ रेग्युलर एक्स्प्रेशनने कसे सोडवावेत?

ऐरोलीकर:
नमस्कार. ऐरोलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेने गेल्या ९ वर्षांत सभासदांना पाठवलेल्या सूचना मी एका फाईलमध्ये एकत्र केल्या आहेत. पाणीपट्टी, मालमत्ता कर, लसीकरण अशा विषयांवरच्या या सूचनांमधील सगळे दुवे वेगळे काढून त्यांतले कोणते अजून उघडतात, हे मला तपासायचे आहे. त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला माझा साचा (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक रचना शोधण्याचा नियम) ‘एचटीटीपी’, असल्यास ‘एस’, मग ‘://’ आणि त्यापुढे रिकामी जागा येईपर्यंतची सर्व चिन्हे उचलतो. इंग्रजी सूचनांवर तो चालतो. मराठीत मात्र आपण शब्दयोगी अव्यय जोडून लिहितो, त्यामुळे ‘डॉट इनवर अर्ज भरावा’ अशा वाक्यातला ‘वर’ही पत्त्यात येतो. देवनागरी अक्षरे सरसकट वगळावीत, तर मराठी विकिपीडियावरील ‘ठाणे’ या लेखाचा दुवा ‘विकी/’पाशीच तुटतो. दोन्ही गोष्टी एका साच्यात कशा बसवाव्यात?

नौपाडा_ठाणे:
एका साच्यात बसवण्याचा आग्रह सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटवरील पत्त्यांच्या मानकानुसार पत्त्यात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि ठरावीक चिन्हे चालतात. बाकी सर्व अक्षरे टक्केचिन्हाच्या रूपात लिहावी लागतात. ‘ठाणे’ या शब्दात युनिकोडची (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची) ४ चिन्हे आहेत, ते क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे एवढ्याशा शब्दाची ३६ अक्षरे होतात. वाचणाऱ्याला ते निरर्थक वाटते, म्हणून लोक देवनागरी रूपच चिकटवतात, आणि त्यात त्यांची चूक मुळीच नाही. शिवाय पूर्णविराम, स्वल्पविराम आणि कंस ही चिन्हे मानकानुसार पत्त्यात वैध आहेत. तेव्हा वाक्याचा पूर्णविराम पत्त्यात आला, तर साच्याने नियम मोडलेला नसतो.

म्हणून आधी आपल्या साच्याने सढळ हाताने उचलावे आणि नंतर छाटावे. रोमन अक्षराला किंवा अंकाला लागूनच देवनागरी अक्षर आले, तर तिथे तोडावे. तिरपी रेघ, जोडरेघ, बरोबरचिन्ह किंवा टिंब यांच्यानंतर आले, तर ठेवावे. टिंबाची सवलत आवश्यक आहे, कारण ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून वापरात आहे. शेवटचे विरामचिन्ह आणि अवतरणचिन्ह काढून टाकावे, मात्र बंद होणारा कंस त्याचा जोडीदार पत्त्यात नसेल तरच काढावा. विकिपीडियाच्या अनेक लेखांच्या नावांतच कंस असतात.

वाशी_सेक्टर_१७:
वरील पद्धत योग्य आहे, पण ‘डॉट इन/वर’ असे लिहिलेले असेल तर ती फसेल, कारण तिथे देवनागरी अक्षर तिरप्या रेघेनंतर येते. शेवटच्या रेघेनंतर फक्त ‘वर’, ‘ला’, ‘वरून’, ‘मध्ये’ यांपैकी एखादा शब्द उरत असेल, तर तो काढण्याची वेगळी पायरी ठेवावी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. देवनागरी अक्षरे ओळखण्यासाठी शब्दाक्षरांचा तयार संकेत, म्हणजे उलट्या तिरप्या रेघेनंतरचा ‘डब्ल्यू’, वापरू नये. पायथनमध्ये असे साचे चालवणाऱ्या अंगभूत ‘री’ मॉड्यूलमध्ये या संकेतात मात्रा आणि हलन्त येत नाहीत, त्यामुळे ‘ठाणे’ हा शब्द ‘ठ’पाशीच थांबतो. त्याऐवजी युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा थेट लिहावा, किंवा वेगळे मिळणारे ‘रेजेक्स’ मॉड्यूल घ्यावे. आपल्या भाषेची अक्षरे साधनांमध्ये अशी अर्धवट मोजली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऐरोलीकर:
दोघांचेही आभार. माझ्या आधीच्या एका प्रयत्नात दुवे पहिल्याच अक्षरानंतर का तुटत होते, ते आज कळले. छाटणीच्या पायऱ्या वेगळ्या केल्यावर ‘इनवर’ आणि ‘इन/वर’ हे दोन्ही प्रकार सुटले. ‘विकी/ठाणेवर’ असा दुवा मात्र अजून अडतो. तिथे काय करावे?

नौपाडा_ठाणे:
तिथे अक्षरांवरून निर्णय होऊच शकत नाही, कारण ‘वर’ने संपणारे नावही असू शकते, ‘अहमदपूर’ला ‘वर’ जोडलेला आहे की गावाचे नावच ‘संगमेश्वर’ आहे, हे साच्याला कळत नाही. आपल्याला दुवे उघडून पाहायचेच आहेत, तेव्हा असा दुवा आधी आहे तसा उघडावा आणि पान सापडले नाही, तरच प्रत्यय काढून पुन्हा प्रयत्न करावा.