चर्चा: गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ चे नियम ढिले करावेत का?

रामबागवाली:
रविवारी जेवताना भाऊजी म्हणाले, "बीएस-६ नं धंद्याची वाट लावली, जुनेच नियम बरे होते." त्यांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे, राग समजतो. पण पटलं नाही, म्हणून इथं मांडते.

१ एप्रिल २०२० ला देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला, मधली पायरी गाळून. नव्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचारवर आली. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० वर. हे कण इतके बारीक की नाक-घसा त्यांना अडवू शकत नाही. फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, तिथून रक्तात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर तंबाखूच्या धुराच्याच गटात टाकला.

माझ्या सासूबाईंना दमा आहे. हिवाळ्यात संध्याकाळी राजवाड्याकडे नेलं की ती रात्र नेब्युलायझरवर जाते. कचऱ्यासाठी आपण इंदूरकरांनी सवयी बदलल्या, स्वच्छतेत देशात पहिले आलो. हवेच्या बाबतीत मागे फिरायचं का?

देवासनाक्याचा:
ताई, मलाच तुमचे भाऊजी समजा. माझ्या दोन गाड्या आहेत. नवीत डिझेलबरोबर यूरिया भरावा लागतो, तो खर्च वेगळाच. गेल्या पावसाळ्यात मानपूरच्या पुढे घाटात एक सेन्सर गेला आणि गाडीनं ताकदच सोडली. माल भरलेला, ड्रायव्हर रात्रभर रस्त्याकडेला. जुन्या गाडीला ढाब्यावरचा मिस्त्री पान्यानं नीट करायचा. आता लॅपटॉपवाला येईपर्यंत बसा. आणि वीस वर्षांचे काळा धूर ओकणारे ट्रक माझ्या शेजारून बिनधास्त जातात. दंड भरायचा तो नवी गाडी घेणाऱ्यानंच का?

पीथमपूर_शिफ्ट:
दादा, घाटातली रात्र मी नाकारत नाही. पण तो यूरिया काय करतो ते बघा. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करतो. मोठ्या ट्रकची ती मर्यादा किलोवॅट-तासामागे साडेतीन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली, ती याच्याच जोरावर.

आता उद्योगाचं. आमच्या पीथमपूरला व्होल्वो-आयशरच्या कारखान्यात २०१३ पासून युरो-६ ची, म्हणजे बीएस-६ च्याच तोडीच्या युरोपच्या नियमाची, इंजिनं बनून व्होल्वोसाठी परदेशी जातात. इथं तो नियम लागू व्हायच्या सात वर्षं आधी! हात आपल्या माणसांचे, धूर कमी व्हायचा युरोपात. नियम ढिला केला तर ज्यानं पैसे घालून नवी लाइन टाकली तो बुडतो आणि जुनं स्वस्त इंजिन विकणारा जिंकतो.

देवासनाक्याचा:
उद्योगाचं म्हणता, तर मार्च २०१७ आठवा. सुप्रीम कोर्टानं २९ तारखेला सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ विकायची नाही. देशभर आठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या. दोन दिवस शोरूमवर झुंबड होती, मिळेल त्या भावात विकल्या.

पीथमपूर_शिफ्ट:
तिथं घोळ वेगळा होता. तारीख उत्पादन थांबवायची की विक्री, हेच कंपन्यांनी आपल्या सोयीनं धरलं. म्हणून तर बीएस-६ च्या वेळी कोर्टानं ऑक्टोबर २०१८ मध्येच विक्रीची शेवटची तारीख सांगून टाकली. (लॉकडाऊन आडवा आला, ते कुणाच्या हातात नव्हतं.) कारखान्याला नियम कडक असल्याचा त्रास कमी होतो, तो कधी बदलेल याचा भरवसा नसला की जास्त होतो.

गॅरेज_लोहामंडी:
माझ्याकडे महिन्यातून एखादा तरी येतो, "डीपीएफ आतून पोकळ करून द्या." म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. मी करत नाही, पण करणारे आहेत. तशी गाडी पीयूसीला बहुतेक पास होते, कारण तिथं डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा बघतात. बारीक कण मोजत नाहीत, नायट्रोजन ऑक्साइडही नाही. नियम ढिले नकोच, तपासणी घट्ट हवी. आणि कारवाल्यांनो, दिवसभर पलासिया ते छप्पन एवढंच फिराल तर फिल्टर चोंदणारच. आठवड्यातून एकदा बायपासला वीस मिनिटं एका वेगानं पळवा, आतली काजळी जळून जाते.

रामबागवाली:
देवासनाक्याचे दादा, जुन्या ट्रकबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. ते मी आधी लिहायला हवं होतं. ते रस्त्यावर तसेच राहिले तर सासूबाईंच्या छातीला २०२० चा काय उपयोग? हायवेवर दर टप्प्याला सेन्सर बदलून मिळायची सोय कंपन्यांनी करायलाच हवी, हेही मान्य. पण या दोन्ही मागण्या नियम ठेवूनही करता येतात ना?

देवासनाक्याचा:
करता येतात. माझी दुसरी गाडी २००९ ची आहे. ती यार्डात सुरू केली की मुलगा आत पळतो, नवी सुरू केली की तिथंच उभा राहतो. ते दिसतं मला. पण ती काढून नवी घ्यायची तर हप्ता कोण भरणार? भंगारात दिल्यावर हातात काय पडतं, हे कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. नियमांचा वाद मी इथंच सोडतो.