कन्कशन बदलीला हसताय, पण डोक्याचं काय?

आडवा_पट्टा
३१ जानेवारी २०२५, गहुंजे. इंग्लंडविरुद्धच्या टी-२०त शेवटच्या षटकात चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. बदली आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि तेव्हापासून कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा धक्का, म्हटलं की लोक डोळा मारतात. अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज पाहून इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार बटलर चिडला, ते रास्तच. पण त्या गदारोळात मूळ दुखण्याचीच थट्टा झाली. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्हस्की आठवतो? सिडनीत आपल्याविरुद्ध पदार्पणात ६२ केल्या, तीच त्याची एकमेव कसोटी. पुन्हापुन्हा डोक्याला मार लागून २०२५ मध्ये, सत्ताविशीत निवृत्त. माझं मत: डोक्याला लागून भांबावलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात नको. फायनल असली तरी.

खडूस_दादरकर
झालं, आता बोस्टनचा अभ्यास येईल! २०१७ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार लागून मेंदू झिजण्याचा आजार) सापडला. अहो, ते मेंदू दान केलेले होते. ज्याच्या घरच्यांनी विसरभोळेपणा, संताप सोसला, तेच दान करणार ना? त्यात सीटीईचं पक्कं निदान मेल्यावरच होतं. अमेरिकन फुटबॉलची भीती क्रिकेटच्या माथी मारू नका.

रेषेपलीकडे
दादरकर, नमुन्याबद्दल शंभर टक्के मान्य. म्हणूनच ग्लासगोचा अभ्यास बघा. तिथे दान वगैरे भानगड नाही, स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूच्या नोंदी सामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू साडेतीन पट (२०१९). दोन वर्षांनी खेळण्याच्या जागेनुसार पाहिलं, तर बचावपटूंना असे आजार सुमारे पाचपट आणि गोलरक्षकांना जवळपास सामान्यांइतकेच. गोलरक्षक सहसा हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारत नाही! म्हणजे बेशुद्ध पाडणारा एक फटकाच नव्हे, वर्षानुवर्षांचे छोटे धक्केही संशयात येतात. इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉम क्लबचा फुटबॉलपटू जेफ अ‍ॅसल ५९व्या वर्षी गेला, तेव्हा कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) त्याच्या मृत्यूचं कारण व्यवसायजन्य, म्हणजे खेळातून झालेला, आजार म्हटलं होतं.

खडूस_दादरकर
त्याच अभ्यासात हृदयविकाराने मरणारे फुटबॉलपटू कमी निघाले, ते सोयीने गाळलंत. पोरं आधीच मोबाइलला चिकटलीत, त्यात आयांना घाबरवा अजून.

चढाई_मास्तर
तुमचं सगळं लॉर्ड्स आणि ग्लासगोत. आमच्याकडे कबड्डीत पकड करताना डोक्यावर डोकं आपटतं, पोरगं गरगरतं, तोंडावर पाणी मारतात आणि पुढच्या चढाईला पाठवतात. डॉक्टर कुठून आणू? हुकमी चढाईपटूला बसवून राखीव उतरवला तर गाव मलाच बाहेर काढेल.

आडवा_पट्टा
मास्तर, बाहेर काढायला डॉक्टर लागत नाही. गुण किती झाले, समोर कोणता संघ, एवढं विचारा. गोंधळला, उलटी झाली, डोकं ठणकलं की खेळ बंद, आणि मग दवाखाना. उत्तरं बरोबर आली तरी लक्ष ठेवा, त्रास उशिराही सुरू होतो. पहिली दुखापत भरण्याआधी दुसरा फटका बसला तर क्वचित जीवही जातो, तोही बहुधा कोवळ्या पोरांचा.

चढाई_मास्तर
पटतंय. पण अधिकार पंचाला द्या. त्याने बसवला तर शिव्या त्याला, पोरगं शाबूत आणि माझी नोकरीपण.

खडूस_दादरकर
आणि पंच पाहुण्या संघाच्या गावचा निघाला तर?